दत्तक बाळाच्या आईलाही रजा हवी

आपल्या डोलवी-पेणकडच्या लेकी-सुना आता नोकरीला जातात, म्हणून हा विषय.

२०१७ मध्ये मातृत्व रजेचा कायदा सुधारला. जन्म देणाऱ्या आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा मिळाली. दत्तक आईला तेव्हा १२ आठवडे मिळाले, तेही बाळ तीन महिन्यांहून लहान असेल तरच. पण सापडलेल्या बाळाच्या चौकशीला कायद्यानेच दोन महिने दिलेत. आईवडिलांनी स्वतः सोपवलेलं बाळ असेल, तर त्यांना फेरविचाराला ६० दिवस असतात. पुढे कागदपत्रं. मग त्या अटीत बाळ वेळेत घरी येणार होतं कधी?

आणि चार वर्षांची मुलगी आली तर? घर नवं, माणसं नवी; तिलाच तर आई जवळ हवी.

केंद्र सरकार आपल्या महिला कर्मचाऱ्यांना एक वर्षाखालच्या दत्तक बाळासाठी १८० दिवस देतं. खासगी कंपनीलाही कायद्याहून जास्त रजा द्यायला आडकाठी नाही. म्हणून लेखी अर्ज करा, मागा.

घरच्यांनीही "बाळंतपण कुठे झालंय?" असं म्हणू नये. बाळंतपण नसेल झालं, बाळ तर आलंय ना!