पोथी उघडी, दार बंद

संगणकाच्या जगात ‘ओपन सोर्स’चा नियम सोपा आहे: प्रणालीची संहिता सर्वांपुढे उघडी ठेवायची. कुणीही ती वाचावी, सुधारावी, पुढे द्यावी. धर्माला हा नियम लावता येईल का, असा प्रश्न हल्ली विचारला जातो. मराठी माणसाने त्याचे उत्तर आधी आपल्याच घरात शोधावे.

1290मध्ये ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला आणि संस्कृतची कडी निघाली. पुढे त्यांच्या ग्रंथाच्या नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडत गेले. 1584मध्ये एकनाथांनी प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि त्यात कुणी आपली ओवी घालू नये, असे बजावले. मला हा विरोधाभास वाटत नाही. ज्याला स्वतःचे सांगायचे आहे त्याने स्वतःचा अभंग रचावा, शेवटी आपली नाममुद्रा घालावी. जनाबाईंनी, सावता माळ्यांनी, चोखोबांनी तेच केले.

पण त्याच चोखोबांना देवळाची पायरी ओलांडता आली नाही. शब्द खुले झाले, दार मात्र बंदच राहिले. पंढरपूरचे मंदिर दलितांसाठी उघडावे म्हणून 1947च्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले. साडेसहाशे वर्षांचा हा उशीर अक्षम्य आहे.

आजही अभंग सर्वांचे आहेत. देवस्थानचे निर्णय मात्र मोजक्यांचे. वाचकहो, आपल्या गावच्या देवळाचा हिशेब फलकावर लागतो का, विश्वस्तांत बायका आहेत का, हे विचारा आणि आम्हाला कळवा.