पाण्याखालच्या फोटोतले ठिपके : पुसायचे की ठेवायचे?



सुट्टीत तारकर्ली-मालवणला जाऊन स्कूबा डायव्हिंग करणारे पालक आता खेड्यापाड्यांतही भेटतात. मग मुलं पाण्याखालचे फोटो वर्गात दाखवायला आणतात. दोन-तीन फोटो नीट बघा. काहींत बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके असतात, तर काहींत पाणी अगदी काचेसारखं स्वच्छ. समुद्र तोच, फरक असतो तो फोटो नंतर 'साफ' केल्याचा.

हे ठिपके येतात कुठून? बंद खोलीत कवडसा पडला की हवेतली धूळ चमकते ना, तसंच हे आहे. पाण्यात वाळूचे कण, कुजलेल्या वनस्पतींचा चुरा आणि सूक्ष्म जीव तरंगत असतात. कॅमेऱ्याचा फ्लॅश त्यांच्यावर पडतो आणि उजेड परत भिंगाकडे फिरतो. याला बॅकस्कॅटर म्हणतात. फ्लॅश भिंगाच्या जितका जवळ, तितके ठिपके जास्त. म्हणून जाणकार फोटोग्राफर फ्लॅश लांब दांड्यांवर दोन्ही बाजूंना लावतात आणि माशाच्या शक्य तितकं जवळ जातात. मधलं पाणी कमी झालं की ठिपकेही कमी होतात.

तरीही जे उरतात ते संगणकावर पुसले जातात. ठिपक्यावर हीलिंग ब्रश फिरवला की सॉफ्टवेअर शेजारचा रंग-पोत उचलून तिथे भरतं. लक्षात घ्या, ठिपक्यामागे खरोखर काय होतं ते सॉफ्टवेअरला माहीत नसतं. ते शेजारचं बघून ठिगळ लावतं. आता तर एका बटणात सगळा फोटो साफ होतो.

यात वाईट काय, असं तुम्ही विचाराल. माझं मत असं की सगळे ठिपके एका मापाने मोजू नयेत. त्यांचे तीन प्रकार करू.

पहिला, कॅमेऱ्याच्या सेन्सरवरची धूळ. हिचा डाग प्रत्येक फोटोत त्याच जागी येतो. तो समुद्राचा भागच नाही. खुशाल पुसा.

दुसरा, मागच्या निळ्या पाण्यातलं बॅकस्कॅटर. घरात भिंतीवर लावायचा फोटो असेल तर पुसायला हरकत नाही. सहलीची आठवण सुंदर दिसावी असं कोणालाही वाटणारच.

तिसरा, प्राण्याच्या अंगावरचे ठिपके. इथे मात्र हात आवरायला हवा. व्हेल शार्क घ्या. जगातला हा सर्वांत मोठा मासा आपल्या पश्चिम किनाऱ्यालाही दिसतो आणि २००१ पासून भारतात त्याला कायद्याचं संरक्षण आहे. त्याच्या अंगावर पांढरे ठिपके असतात आणि आपल्या बोटांच्या ठशांसारखी प्रत्येक माशाची नक्षी वेगळी असते. कल्ल्यांमागच्या भागाचा फोटो घेऊन शास्त्रज्ञ एकेक मासा ओळखतात. त्यासाठी त्यांनी ताऱ्यांचे नकाशे जुळवायची खगोलशास्त्रातली संगणकपद्धत वापरली. पर्यटकांनी काढलेले फोटोही या कामी येतात. अशा फोटोवर ब्रश फिरवला तर कचरा समजून आपण त्या माशाची ओळखच पुसून टाकू.

आणि गंमत बघा. हा अवाढव्य मासा खातो काय? मुख्यतः प्लवक! म्हणजे फोटोत नको वाटणाऱ्या ठिपक्यांपैकी काही त्याचं जेवण असतं. पृथ्वीवर तयार होणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे निम्मा समुद्रातल्या वनस्पती प्लवकांसारख्या जीवांकडून येतो. मग वर्गात फक्त पुसलेला फोटो दाखवला तर मूल काय शिकेल? स्वच्छ समुद्र म्हणजे निळा आणि रिकामा. आपल्या कोकणचं गढूळसर पाणी बघून ते म्हणेल, 'शी, घाण समुद्र!' खाड्यांचा गाळ आणि प्लवक असलेल्या याच पाण्यावर आपली मासळी पोसली जाते. मालवणला १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं, तेही याच पाण्यातल्या जीवसृष्टीसाठी. ज्याला आपण घाण म्हणायला शिकवलं, ते जपायला मुलं उद्या पुढे येतील का?

कोणी म्हणेल, ठिपक्यांनी भरलेला फोटो मुलांना कंटाळवाणा वाटतो. खरं आहे. म्हणून सुंदर फोटोही दाखवाच, पण शेजारी मूळ फोटो ठेवा आणि विचारा, 'यातून काय गेलं? ते काय असेल?' तिथूनच खरा पाठ सुरू होतो.

एक सोपा प्रयोगही करता येईल. मोठ्या पारदर्शक बरणीत पाणी घेऊन चिमूटभर खडूची पूड ढवळा. बरणीच्या पलीकडच्या बाजूला आत एखादं खेळणं ठेवा. खोलीत अंधार करा आणि टॉर्च मोबाईलच्या कॅमेऱ्याशेजारी धरून फोटो काढा. मग टॉर्च बाजूने असा धरा की उजेड खेळण्यावरच पडेल, समोरच्या पाण्यावर नाही. दोन्ही फोटोंतले ठिपके मुलांनाच मोजू द्या. ब्रश न फिरवता ठिपके कसे कमी होतात हे त्यांना आपोआप समजेल.

शेवटी एवढंच, की शैक्षणिक साहित्यात फोटो साफ करून वापरलात तर खाली 'ठिपके काढले आहेत' अशी एक ओळ लिहा. चित्र आणि पुरावा यांतला फरक मुलांना चौथी-पाचवीतही कळतो. फक्त आपण तो सांगायला हवा.