घाटाचा राजा आणि एक तारखेचा पगार

हल्ली शाळांच्या क्रीडा पारितोषिक समारंभाला जे प्रमुख पाहुणे येतात, त्यांच्या भाषणात एक वाक्य हमखास असते : "आपली मुले नोकरीसाठी खेळतात, म्हणून जगात मागे पडतात." टाळ्या पडतात. पाहुणे शाल-श्रीफळ घेऊन मोटारीत बसतात. मुले मात्र ते वाक्य घरी घेऊन जातात आणि आठ दिवसांनी एखाद्या मुलाचा बाप माझ्यासमोर येऊन बसतो : "गुरुजी, पोरगा म्हणतो बारावी नको, सायकलच मारायची. काय करू?" पाहुण्यांना हा प्रश्न कोणी विचारत नाही. मुख्याध्यापकाला विचारतात. म्हणून त्या वाक्याचा झाडा घेण्याचा अधिकार मी माझ्याकडे घेतो.

सायकलीचा विषय आम्हाला परका नाही. विजापूर-बागलकोटच्या माळावर सायकलपटू घडतात, हे आपल्या सीमाभागात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मुंबई-पुणे शर्यतीत खंडाळ्याचा घाट पहिल्यांदा चढून जाणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, तेही ठाऊक आहे. त्यातच जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्याच्या रस्त्यांवर आंतरराष्ट्रीय शर्यत झाली आणि आमच्या मुलांच्या डोळ्यांत थेट 'टूर द फ्रान्स' उभी राहिली. उभी राहावी, स्वप्नाला माझा विरोध नाही. विरोध आहे तो किंमत झाकून स्वप्न विकण्याला. पुण्याची ती शर्यत २.२ श्रेणीची होती. त्या श्रेणीत जगातल्या सर्वोच्च संघांना उतरताच येत नाही, हे किती वक्त्यांनी मुलांना सांगितले?

आता हिशेब. पुरुषांच्या रस्ता-सायकलिंगमध्ये सर्वोच्च दर्जाचे संघ अठरा. एका संघात फार तर तीस स्वार. म्हणजे अवघ्या पृथ्वीतलावर जागा पाचशेच्या आसपास. फ्रान्स, बेल्जियम, इटली, स्पेन, डेन्मार्क, कोलंबिया अशा देशांतली मुले दहा-बारा वर्षांची असल्यापासून या जागांसाठी झुंजतात. त्यातून जो निवडला जातो, त्या नव्या व्यावसायिकाला नियमाने किमान दोन वर्षांचा करार मिळतो. दोन वर्षे! आमच्याकडे बी.एड. झालेल्या शिक्षण सेवकालाही याहून लांबचे दिसते. तिसऱ्या पायरीवर जे कॉन्टिनेंटल संघ आहेत, तिथे तर जागतिक संघटनेने किमान वेतनाचे बंधनही घातलेले नाही. पुण्याला ज्यांच्यासाठी आमच्या मुलांनी टाळ्या पिटल्या, त्यांतले बहुतेक याच पायरीवरचे.

बरे, जे वर पोचले ते तरी सुरक्षित आहेत का? या खेळाचे अर्थकारणच विचित्र आहे. रस्त्यावरची शर्यत, तिकीट नाही, दरवाजा नाही. दूरदर्शन-प्रक्षेपणाचा पैसा मुख्यतः शर्यत भरवणाऱ्याकडे जातो. संघ जगतो तो पुरस्कर्त्याच्या मर्जीवर. संघाचे नावच मुळी पुरस्कर्त्याचे! त्याने हात काढला की संघ संपला. २०११ साली एचटीसी-हायरोड हा संघ बंद पडला. हरत होता म्हणून? मुळीच नाही. विजयांच्या संख्येत तो अग्रेसर होता आणि त्याच साली त्याच्या मार्क कॅव्हेंडिशने 'टूर'मधली हिरवी जर्सी जिंकली होती. नवा पुरस्कर्ता मिळाला नाही, एवढेच. अगदी अलीकडे, २०२५ च्या अखेरीस, फ्रान्सचा आर्केआ संघ मिटला आणि बेल्जियमचे लोटो व इंटरमार्शे हे दोन संघ एकात विलीन झाले. दोन दारांचे एक दार झाले की बाहेर कोण राहतो, हे सांगायला गणिताचा शिक्षक नको.

आणि वय? रेम्को एव्हेनेपूलने २०१८ साली कनिष्ठ गटाची जगज्जेतेपदे जिंकली आणि पुढच्याच वर्षी तो थेट व्यावसायिक झाला. ताडेय पोगाचारने २०२० ची 'टूर' एकविसाव्या वर्षी जिंकली. तेव्हापासून संघांची नजर शाळकरी वयाच्या मुलांकडे वळली आहे. बाविशीपर्यंत नाव झाले नाही, तर मुलगा 'जुना' ठरतो! ज्या वयात आमचा विद्यार्थी पदवीचा अर्ज भरतो, त्या वयात तिथला मुलगा निवृत्तीच्या उंबरठ्यावर असतो, आणि हातात प्रमाणपत्र नसते. बेल्जियमचा ब्योर्ग लाम्ब्रेख्त २०१९ साली पोलंडच्या शर्यतीत पडून गेला, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. इटलीचा सॅम्युएले प्रिव्हितेरा २०२५ च्या जुलैत गेला, तो एकोणीस वर्षांचा. ही नावे पाहुण्यांच्या भाषणात कधी ऐकलीत?

तिथे योनास व्हिंगेगोरचे नाव मात्र येते. डेन्मार्कचा हा मुलगा सकाळी मासळीच्या कारखान्यात काम करायचा आणि पुढे त्याने २०२२ व २०२३ ची 'टूर' जिंकली. उदाहरण खरे आहे. पण त्यातला बोध उलटा आहे, सज्जनहो! तो घडला, कारण त्याच्या देशात गल्लोगल्ली सायकल क्लब होते आणि खेळ सोडावा लागला तर पोटाला काम होते. खाली जाळे असेल तरच दोरीवर चालावे. आम्ही जाळे न बांधताच पोरांना दोरीवर चढवायला निघालो आहोत.

आता त्या हेटाळल्या गेलेल्या 'नोकरी'कडे वळू. रेल्वे आणि सेनादलांनी या देशात सायकलपटू पोसले. खेळाडू म्हणून मिळालेली रेल्वेची नोकरी म्हणजे एक तारखेचा पगार, हाड मोडले तर दवाखाना, आणि पाय थकले तरी पुढची पंचवीस-तीस वर्षे टेबलावर जागा. युरोपातल्या दोन वर्षांच्या करारात यातले किती बसते? नोकरीसाठी खेळणारा मुलगा भित्रा नसतो. घरी किती भाकऱ्या लागतात, हे त्याला माहीत असते. ज्यांच्या घरी भाकरी मोजावी लागत नाही, त्यांनी त्याला 'महत्त्वाकांक्षा नाही' म्हणून हिणवू नये. कोणी म्हणेल, अशाने खेळ वाढणार नाही. मी विचारतो, उपाशी खेळाडूंनी कोणता खेळ वाढला? अजून एकही भारतीय 'टूर द फ्रान्स' धावलेला नाही, त्याचे खापर रेल्वेच्या नोकरीवर फोडू नका. शर्यती किती, शिक्षक किती, सायकलीची किंमत किती, ते आधी पाहा.

म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. सायकल मारणाऱ्या मुलाची बारावी सुटता कामा नये. शाळांनी आणि विद्यापीठांनी त्याच्या परीक्षेची वेळ सांभाळावी. व्यासपीठावरून स्वप्न सांगणाऱ्याने जागा किती, करार किती वर्षांचा, हेही त्याच श्वासात सांगावे. आणि शर्यती भरवणाऱ्यांना, त्यांना पैसा पुरवणाऱ्या कंपन्यांना एकच विचारावे : तुमचे नाव आमच्या पोराच्या पाठीवर हवे ना? मग आमच्या पोराचे नाव तुमच्या हजेरीपटावर लिहा. तेवढे झाले, तर पहाटे चारला त्याला उठवायला मी स्वतः त्याच्या दारात जाईन.