औषधे घेऊनही रक्तदाब उतरत नाही?

मैत्रिणींनो, बाईचे ब्लडप्रेशर वाढले की घरात दोनच कारणे निघतात. "लोणचं-पापड फार खातेस," नाहीतर "जिवाला फार लावून घेतेस." दोन्हींत तथ्य असेलही. पण मीठ तोडले, तीन-तीन गोळ्या चालू आहेत आणि तरी दाब उतरत नाही, असे असेल तर दोष स्वभावाचा नसून एका इवल्याशा ग्रंथीचा असू शकतो.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर टोपीसारखी एक अधिवृक्क ग्रंथी असते. तिच्यातून अल्डोस्टेरॉन नावाचे हार्मोन पाझरते. शरीरात मीठ राखायचे आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकायचे, हे त्याचे काम. ते गरजेपेक्षा जास्त पाझरू लागले की मिठाबरोबर पाणी साठते आणि रक्तदाब चढतो. पोटॅशियम फार घटले तर हातपाय गळून जातात, पायांत गोळे येतात, रात्री सारखे लघवीला उठावे लागते. मात्र पुष्कळ जणींचे पोटॅशियम ठीकच असते. तेवढ्यावरून निर्धास्त राहू नका.

१९५४ साली अमेरिकेत डॉ. जेरोम कॉन यांनी ३४ वर्षांच्या एका स्त्रीमध्ये हा विकार प्रथम ओळखला. ग्रंथीवरची गाठ काढल्यावर तिचा रक्तदाब उतरला. हा विकार वाटतो तितका दुर्मीळ नाही. फक्त तो शोधला जात नाही.

तपासणी कोणी करून घ्यावी? तीन औषधांनीही दाब आटोक्यात नसेल, चाळिशीच्या आतच तो सुरू झाला असेल, पोटॅशियम कमी निघाले असेल किंवा घरात कुणाला लहान वयात पक्षाघात झाला असेल, तर डॉक्टरांना जरूर विचारा. २०२५ साली अमेरिकेतील एंडोक्राइन सोसायटीने तर रक्तदाबाच्या सर्वच रुग्णांसाठी ही तपासणी सुचवली आहे. अल्डोस्टेरॉन आणि रेनिन या दोहोंचे प्रमाण रक्तातून एकाच वेळी पाहतात. पुढे गरजेनुसार सीटी स्कॅन वगैरे करतात. दोष एकाच ग्रंथीत असेल तर शस्त्रक्रियेने ती काढता येते. दोन्हींत असेल तर स्पायरोनोलॅक्टोनसारख्या गोळ्या असतात. त्यांनी कधीकधी पाळी अनियमित होते. तसे झाले तर संकोच न करता सांगा. दिवस राहण्याचा विचार असेल तर तोही आधीच सांगा.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळा. तपासणीसाठी म्हणून चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. आणि या गोळ्या सुरू असताना बाजारातले 'कमी सोडियमचे' मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. त्यात पोटॅशियम असते. ते रक्तात फार वाढले तर हृदयाला धोका होतो.