ईसीजी नॉर्मल आला, पुढे काय?

मानखुर्द सोडलं की हार्बर लोकल ठाणे खाडीच्या पुलावर येते. वाशीपर्यंत आठ-नऊ मिनिटं मधे एकही स्टेशन नाही. मे 1992 मध्ये हा मार्ग सुरू झाला आणि नवी मुंबई रेल्वेने मुंबईला जोडली गेली. आज रोज हजारो माणसं या पुलावरून घरी परततात. त्यातल्या एखाद्याला मात्र ही मिनिटं संपता संपत नाहीत. छातीत धडधड, बोटांना मुंग्या, श्वास पुरेना, आणि आता आपण मरणार ही खात्री. वाशीला उतरून तो थेट कॅज्युअल्टी गाठतो. ईसीजी निघतो, नॉर्मल येतो, आणि त्याला सांगितलं जातं, ‘‘तुम्हाला काहीही झालेलं नाही. टेन्शन घेऊ नका.’’

हे वाक्य खोडून काढायला हवं.

ईसीजी काढण्याबद्दल वाद नाही. हृदयविकार असो, थायरॉईड ग्रंथीचं जास्त काम करणं असो की रक्तक्षय, यांनीही असाच त्रास होतो. म्हणून या शक्यता आधी तपासायलाच हव्यात. पण ‘हृदयाला काही झालेलं नाही’ म्हणणं वेगळं आणि ‘काहीच झालेलं नाही’ म्हणणं वेगळं. पहिलं निदान आहे, दुसरं असत्य. कानशिलांच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना, बदामाएवढा अमिग्डला असतो. धोक्याची चाहूल लागली की तो हायपोथॅलॅमसला इशारा देतो, अ‍ॅड्रेनल ग्रंथी अ‍ॅड्रेनलिन सोडतात आणि हृदयाचे ठोके वाढतात. श्वास भराभर चालल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात. चक्कर आणि मुंग्या येतात त्या यामुळे. हाच पॅनिकचा झटका. यातली प्रत्येक गोष्ट मोजता येते. तिला ‘मनाचे खेळ’ म्हणणं हा अडाणीपणा आहे, मग म्हणणारा कितीही शिकलेला असो.

याच्या उलट टोकालाही एक सोपं उत्तर तयार असतं: ‘मेंदूत केमिकल कमी पडलंय.’ ऐकणाऱ्याला त्यातून दिलासा मिळतो, कारण दोष त्याच्या स्वभावाचा राहत नाही. पण पुरावा इतका सरळ नाही. सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनावर काम करणाऱ्या औषधाने बरं वाटतं, एवढ्यावरून ते कमी पडलं होतं असं सिद्ध होत नाही. अमिग्डला म्हणजे भीतीचं बटण, हेही अर्धसत्यच. अमेरिकेत ‘एस. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी एक रुग्ण आहे. दुर्मीळ आजाराने तिचे दोन्ही अमिग्डला निकामी झाले. तिला साप हाती दिले, भुताटकीच्या घरात नेलं, तरी ती घाबरली नाही. पण 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिला आणि तिच्यासारख्याच आणखी दोघींना 35 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगायला दिली, तेव्हा तिघींनाही पॅनिकचा झटका आला. शरीराच्या आतून आलेल्या धोक्याला मेंदूत दुसरी वाट आहे, हे त्यातून दिसलं. मेंदू जागोजागचे संकेत जुळवून अंदाज बांधतो, आणि कधीकधी तो अंदाज चुकतो.

पुलावरचा माणूस नेमका या चुकलेल्या अंदाजात अडकतो. दुसऱ्या दिवशी तो लोकल टाळून बस धरतो आणि त्याला हायसं वाटतं. इथेच आजार मुरतो. टाळलं म्हणून वाचलो, असा धडा मेंदू घेतो. मग लिफ्ट टळते, मॉल टळतो, मित्राचं लग्न टळतं. घरचे प्रेमापोटी म्हणतात, ‘‘नको वाटतंय ना, मग नको जाऊस.’’ हे प्रेम त्याला आणखी कोंडतं.

उपचार याच्या बरोबर उलट दिशेने जातो. भीतीच्या जागी, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली, पायरीपायरीने जायचं आणि झटका आपोआप ओसरेपर्यंत तिथे थांबायचं. 1924 मध्ये मेरी कव्हर जोन्स यांनी सशाला घाबरणाऱ्या लहान मुलाची भीती अशीच थोडी थोडी कमी केली होती. यात जुनी आठवण पुसली जात नाही. तिच्यावर नवी शिकवण बसते आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स अमिग्डलाला आवरू लागतो. म्हणून त्रास पुन्हा डोकावला तर उपचार फसला असं समजू नये, सराव पुन्हा सुरू करावा. याला विचारांची जोड लागते. अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत मुंबईच्या कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांची आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था 1990 पासून उभी आहे. ‘हे सगळं परदेशी खूळ’ म्हणणाऱ्यांनी खाडीपलीकडचं एवढं काम तरी पाहावं.

‘गोळ्यांची सवय लागते’ हा आक्षेप सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि तो अर्धा खरा आहे. अल्प्राझोलामसारख्या गोळीने लगेच शांत वाटतं, पण तिची सवय लागते. म्हणूनच ती एच-1 अनुसूचीत आहे आणि केमिस्टला तिच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते. एसिटालोप्रामच्या जातीची औषधं निराळी. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, त्यांची तल्लफ येत नाही, फक्त ती एकदम न थांबवता डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायची असतात. दोन्हींना एकाच नावाने बदनाम केल्यामुळे माणूस चालणारं औषध नाकारतो आणि शेजाऱ्याने दिलेली अल्प्राझोलाम मात्र गिळतो.

ध्यानधारणेचं काय? 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत 276 रुग्ण होते. आठ आठवड्यांचं सजगतेचं प्रशिक्षण एसिटालोप्रामपेक्षा कमी ठरलं नाही. पण ते प्रशिक्षित शिक्षकाकडून शिकलेलं, रोज घरी नेमाने केलेलं ध्यान होतं. मोबाइलवरच्या पाच मिनिटांच्या व्हिडिओला हा दाखला लावता येत नाही.

गर्दी, ईएमआय, परीक्षा हीच खरी कारणं आहेत, मेंदूवर उपचार कशाला, असंही विचारलं जातं. परिस्थिती बदलायलाच हवी. ती बदलेपर्यंत त्या माणसाने घरात कोंडून राहावं का?

नवी मुंबईतल्या फॅमिली डॉक्टरांना म्हणून विनंती आहे. नॉर्मल ईसीजीच्या कागदावर ‘पॅनिकची शक्यता’ एवढं लिहा आणि मनोविकारतज्ज्ञाचा पत्ता हाती द्या. विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावं, असं 2017 चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो. आणि ज्यांना आज कुठे जावं हेच सुचत नाही, त्यांनी 14416 हा टेलि-मानसचा क्रमांक फिरवावा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते, आणि तिथे मराठीतून बोलता येतं.