निवाड्यांची कपाटे उघडा

वडिलोपार्जित घर आणि कुळागर यांच्या वाटणीसाठी बहीण-भावांनी न्यायालयाची पायरी चढावी, ही गोमंतकात नवलाची गोष्ट नव्हे. अशा दाव्यांत न्यायालयांनी पूर्वी काय निर्णय दिले, हे जाणून घेण्याचा अधिकार त्या बहिणीला आहे, की केवळ तिच्या वकिलाला? कालपरवापर्यंत या प्रश्नाचे व्यवहारातील उत्तर एकच होते. निवाड्यांचे जाडजूड खंड वकिलाच्या कपाटात असत आणि पक्षकाराने बाहेरच्या बाकावर बसून वाट पाहावी, अशी रीत होती.

इंटरनेटने ही रीत मोडली, पण सर्वत्र सारखी नव्हे. ऑस्ट्रेलियातील दोन विद्यापीठांनी 1995 साली तेथील कायदे व निवाडे विनामूल्य खुले केले. 2000 साली ब्रिटन व आयर्लंड यांच्यासाठी तसाच उपक्रम उभा राहिला. सार्वजनिक कायदेविषयक माहिती ही मानवजातीची सामायिक ठेव आहे, अशी घोषणा अशा संस्थांनी 2002 साली माँट्रियल येथे केली. याउलट, जगाला लोकशाहीचे पाठ देणाऱ्या अमेरिकेत संघीय न्यायालयांची कागदपत्रे संगणकावर पाहावयाची तर ‘पेसर’ या सरकारी व्यवस्थेत पानामागे दहा सेंट मोजावे लागतात. हा पैसा भलत्याच कामांकडे वळविला गेल्याचा ठपका तेथील अपील न्यायालयानेच 2020 साली ठेवला.

या बाबतीत आपल्या देशाला मान खाली घालण्याचे कारण नाही. न्यायालयाचा निवाडा कोणीही छापावा, अशी मोकळीक 1957 च्या कॉपीराइट कायद्यातच आहे. ‘इंडियन कानून’ हे शोधस्थळ 2008 साली एका संगणक अभियंत्याने स्वयंप्रेरणेने सुरू केले, तेव्हा सरकार मागेच होते. पुढे ई-कोर्ट्स योजनेत प्रत्येक दाव्याला सोळा अक्षरांकांचा क्रमांक मिळाला आणि आपला दावा कोठे अडला आहे, हे पेडणे-काणकोणचा माणूस घरबसल्या पाहू लागला. जिल्हा व तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक दावे तुंबले आहेत, हेही याच व्यवस्थेमुळे उघड्यावर आले. जानेवारी 2023 पासून सर्वोच्च न्यायालयाचे अधिकृत निवाडे विनामूल्य मिळू लागले आणि त्यांपैकी काहींची मराठी भाषांतरेही उपलब्ध होत आहेत. भाषांतराचे काम यंत्र करते. ते तपासणारा माणूस जागा हवा. ‘लीव्ह ग्रँटेड’ म्हणजे अपिलास परवानगी. यंत्राने तेथे सुटी मंजूर करून टाकल्याचा अनुभव खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या पदरी आहे!

परंतु गोमंतकाची गोष्ट निराळी आहे. 1867 चा पोर्तुगीज नागरी कायदा येथे 1870 पासून लागू झाला. हिंदूंच्या रूढींविषयी 1880 साली स्वतंत्र फर्मान निघाले. पोर्तुगालने स्वतः तो जुना कायदा 1967 साली मोडीत काढला. आपण मात्र त्यातील कितीतरी भाग जतन केला. 2012 चा वारसाविषयक कायदाही त्याच मुशीतून निघालेला आहे. जुन्या कायद्याचे अधिकृत इंग्रजी भाषांतर व्हायला मात्र 2018 साल उजाडावे लागले. मुक्तीनंतर छप्पन्न-सत्तावन्न वर्षे लोक ज्या कायद्याने विवाह करीत होते, वाटण्या करीत होते, तो कायदा अधिकृतरीत्या परक्या भाषेतच होता, ही गोष्ट आम्हांस आजही अस्वस्थ करते. सप्टेंबर 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा भारतीय कायदाच असल्याचे सांगितले आणि समान नागरी कायद्याचे उदाहरण म्हणून गोव्याचा गौरव केला. उत्तराखंडाने 2024 साली स्वतःचा कायदा केला, तेव्हाही गोव्याचेच नाव साऱ्यांच्या तोंडी होते.

पण कायदा म्हणजे केवळ कलमे नव्हेत. न्यायाधीशांनी त्या कलमांचा अर्थ कसा लावला, पत्नीचा अर्धा वाटा किंवा मृत्युपत्राने हिरावून घेता न येणारा मुलीचा हिस्सा कसा राखला, यातच कायद्याचा प्राण असतो. गोव्यात वरिष्ठ न्यायालय 1544 साली स्थापन झाले. 1961 पर्यंतचे निवाडे पोर्तुगीजमध्ये, पुढचे ज्युडिशियल कमिशनरच्या न्यायालयाचे इंग्रजीत, आणि 30 ऑक्टोबर 1982 पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी येथील खंडपीठाचे. दिल्लीच्या संगणकात यांतील जुना ठेवा आपोआप येणार नाही. तो येथल्याच माणसांना उचलावा लागेल. जुनी पोर्तुगीज आणि तिची कायद्याची परिभाषा जाणणारे वकील व नोटरी दिवसेंदिवस कमी होत आहेत. ते आहेत तोवरच हे काम झाले पाहिजे.

एक सावधगिरी मात्र हवी. खटल्यातून निर्दोष सुटलेल्याचे नाव किंवा घटस्फोटातील खाजगी गोष्टी जन्मभर कोणाच्याही बोटाखाली असाव्यात, असे आम्ही म्हणत नाही. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2018 पासून राष्ट्रीय न्यायालयांकडून येणाऱ्या प्रकरणांत व्यक्तींची नावे झाकण्यास सुरुवात केली. कौटुंबिक दाव्यांत तोच मार्ग येथे चालू शकेल. नावे झाकता येतात. त्यासाठी निवाडाच झाकण्याचे कारण नाही.

गोवा सरकारने उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून जुने निवाडे छायांकित करण्याची योजना आखावी, त्यासाठी येत्या अर्थसंकल्पात तरतूद करावी आणि वारसा, विवाह व घरजमिनीच्या निवडक निवाड्यांची मराठी व कोकणी भाषांतरे जाणकारांकडून तपासून घेऊन विनामूल्य खुली करावीत. मामलेदार कचेऱ्यांतील आदेशांनाही हाच नियम लावावा; गरीब मुंडकाराचा संबंध येतो तो बहुधा त्याच कचेरीशी.