मुतखडा: दुखायचे थांबले म्हणजे बरे झाले का?

प्रश्न: उजव्या मूत्रपिंडात २२ मिलिमीटरचा खडा निघाला आहे. डॉक्टर दुर्बिणीचे ऑपरेशन सांगतात. पण महिनाभर अजिबात दुखत नाही. सासूबाई म्हणतात, कुळथाचे कढण घे, विरघळेल. मुलीची दहावी झाल्यावर पाहिले तर चालेल का? – एक भगिनी, मुलुंड

उत्तर: दुखणे थांबले म्हणजे खडा गेला असे नव्हे. तो मूत्रवाहिनीत अडकला की कळा येतात. मूत्रपिंडात बसून राहिला तर महिनोन्महिने गप्प असतो. आत लघवी तुंबत राहिली तर मात्र मूत्रपिंड न दुखताच निकामी होऊ शकते. ५ मिलिमीटरपर्यंतचे खडे बहुधा आपोआप पडतात. तुमचा पडणार नाही. कढण खुशाल प्या, पण त्यावर विसंबू नका. दहावीपर्यंत थांबता येईल का, हे मूत्रपिंडाला सूज आहे की नाही यावर ठरेल. डॉक्टरांना तेवढे स्पष्ट विचारा. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

ऑपरेशनची भीती नको. पूर्वी कुशीत मोठा छेद घ्यावा लागे. १९७६ मध्ये स्वीडनच्या डॉक्टरांनी पाठीतल्या लहानशा छिद्रातून खडा काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. दोन सेंटिमीटरहून मोठ्या खड्यासाठी आज बहुधा हीच वापरतात. छिद्र जेमतेम सेंटिमीटरभर. खडा आतच फोडून तुकडे बाहेर काढतात. लहान खड्यासाठी लघवीच्या मार्गानेच दुर्बीण घालून लेसरने भुगा करतात. बहुतेकजणी थोड्याच दिवसांत घरी येतात. क्वचित रक्तस्राव होतो, ताप येतो, किंवा तुकडा मागे राहून पुन्हा जावे लागते.

आत स्टेंटची नळी ठेवली असेल, तर ती काढायची तारीख कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारीच लिहा. ‘आता बरे वाटते’ म्हणून ती विसरली, तर नळीवरच खडे धरतात.

खर्चाची काळजी असेल तर शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय किंवा परळचे के.ई.एम. पाहा. दोन्ही महापालिकेची आहेत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचीही तिथे चौकशी करा.

खडा एकदा काढला तरी पुन्हा होतो. काळजी न घेतल्यास निम्म्याजणींना पाच-दहा वर्षांत. दिवसाकाठी दोन-अडीच लिटर लघवी होईल इतके पाणी प्या. लोणचे, पापड, वरून मीठ कमी करा. दूध मात्र बंद करू नका. जेवणातले कॅल्शियम खड्याला आळाच घालते.

नोकरी करणाऱ्या कितीतरी जणी लोकलच्या प्रवासात स्वच्छ स्वच्छतागृह मिळणार नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाहीत. याच गैरसोयीविरुद्ध मुंबईतल्या स्त्रियांनी २०११ मध्ये ‘राइट टू पी’ चळवळ उभारली. सोय होईल तेव्हा होवो. ऑफिसात पोचताच एक तांब्या आणि निघण्यापूर्वी तासभर आधी एक, एवढा नेम तरी आजपासून धरा.